बाप मरताना फोडलेला सोडा

गोटी सोड्याची बाटली जाड काचेची असते. डोक्यात बसली तर बाटली फुटत नाही, डोकं फुटतं. लोखंडी खुर्चीवर आपटली तर मात्र तिचे असे तुकडे होतात की एकेक तुकडा सुरीसारखा हातात धरता येतो. माझ्या मोठ्या बहिणीच्या, अक्काच्या कपाळावर त्या बाटलीची खूण आहे. ज्याच्या लेखणीमुळे ती पडली, तो माणूस पुढे बरीच वर्षं धुळ्यात सभांमधून गळ्यात हार घालून घेत राहिला. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

मी एरंडोलकडचा. धुळ्याला आलो तेव्हा डोक्यावर शेंगदाण्यांची पाटी होती आणि टॉकीजच्या फाटकाबाहेर उभं राहायलाही डोअरकीपरशी भांडावं लागायचं. भांडत भांडत फाटकाच्या आत आलो आणि भांडतच कॅन्टीन घेतलं. चहा, भजी, दाणे आणि गोटी सोडा. नवरा गेल्यावर अक्का माझ्याकडे आली आणि कढई तिने सांभाळली. कॅन्टीनचा ठेका तोंडी असायचा. दर पाडव्याला टॉकीजचे शेठ "चालू ठेव" म्हणायचे आणि वर्ष निघायचं. पण शेठचा मेहुणा घरी बसून होता आणि त्याचा डोळा कॅन्टीनवर होता. माझी एखादी चूक सापडायची वाट तो पाहत होता.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्या टॉकीजला एक मुका चित्रपट लागला. जुन्या काळचा नव्हे, नवाकोरा, रंगीत. संगीत होतं, गाडीचा आवाज होता, पण माणसांच्या तोंडी एक शब्द नव्हता. शुक्रवारी पहिल्या खेळाला लोकांना वाटलं, मशीन बिघडलं.

"ओ शेठ, आवाज कोठे गया?"

"गल्लाले आवाज शे, पडदाले नहीं!"

खुर्च्यांचे दोन हात तिथेच मोडले. शेठ घाबरले. त्यांनी मला पडद्यासमोर उभं केलं, कारण माझा आवाज मोठा. मी ओरडून सांगितलं, "सिनेमाच मुका आहे. ज्याला पाहायचा त्याने पाहावा, ज्याला बोलायचं त्याने बाहेर यावं, माझ्याशी बोलावं." लोक हसले आणि बसले. खरं सांगायचं तर पुढे ते गुंगून गेले. एका आडबाजूच्या स्टेशनातल्या म्हाताऱ्याची गोष्ट होती. मुलगा कमवायला शहरात गेलेला, आणि बाप रोज बाकावर बसून प्रत्येक गाडी बघतो. शेवटी त्या बाकावरच मरतो. तेव्हा संगीतसुद्धा थांबतं. टॉकीजमधले पंखे ऐकू येत.

शनिवारच्या मॅटिनीला मी दाराशी उभा होतो. तो प्रसंग आला. तिसऱ्या रांगेत साक्रीकडचे एक नाना सुनेबरोबर बसले होते. बाजाराला आले की ते माझ्याकडे चहा पीत, म्हणून ओळख. त्यांचा मुलगा सुरतेला गिरणीत गेला होता आणि त्याचा पत्ता नव्हता. पडद्यावरचा बाप बाकावर कलंडला आणि इकडे नाना पुढच्या खुर्चीवर कलंडले. श्वास अडकला, हात छातीवर. सून ओरडली नाही, नुसतं वळून दाराकडे पाहिलं. मी सोड्याची बाटली घेऊन धावलो. गोटी आत दाबली. त्या शांततेत तिचा चीत्कार असा झाला की सगळी रांग दचकली. अर्धा सोडा मी नानांच्या तोंडावर मारला, अर्धा पाजला. त्यांना श्वास आला.

दोन रांगा मागे सर बसले होते. हे सर कॉलेजात शिकवायचे आणि रविवारच्या स्थानिक पेपरात चित्रपटांवर लिहायचे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं देवळात चप्पल घालून आलेल्याकडे पाहावं. काय झालं हे त्यांनी विचारलं नाही. उठून दोन रांगा पुढे आले असते तर कळलं असतं.

रविवारी परीक्षण छापून आलं. चित्रपटाला त्यांनी डोक्यावर घेतलं होतं, आणि मग आमच्यावर उतरले होते. पडद्यावर बाप शेवटचा श्वास घेत असताना आपल्या शहरात सोडा फोडला जातो, असं लिहिलं होतं. आपल्या प्रेक्षकाची भूक डोळ्यांत नसून पोटात आहे. कॅन्टीनवाल्याला तर मरणातही गिऱ्हाईक दिसतं. टॉकीजच्या मालकाने कला हवी की शेंगदाणे, हे एकदा ठरवावं.

माझं नाव नव्हतं. पण धुळ्यात त्या टॉकीजचा कॅन्टीनवाला मी एकटाच होतो.

त्या दिवसापासून चित्रपट बाजूला राहिला आणि परीक्षणच चालू लागलं. ज्यांनी चित्रपट पाहिला नव्हता त्यांनीही परीक्षण वाचलं होतं, नाहीतर न्हाव्याकडे ऐकलं होतं. तालुका कचेरीतला एक कारकून माझ्याच चहाचा घोट घेत मला म्हणाला, "सरांनी बरोबर कान उपटले." मी कप त्याच्या हातातून काढून घेतला आणि चहा ओतून दिला. मार्केटमधले हमाल दुसऱ्या टोकाला.

"आम्हना पोटवर लिखस का तो? दिनभर पोती उचलाले लाव त्याले."

"आम्ही गप्प बसूत ते आम्हले मुकं म्हनी, बोलूत ते गावंढळ म्हनी. करानं काय?"

कॉलेजच्या पोरांनी परीक्षणाचं कात्रण टॉकीजच्या फाटकाला चिकटवलं. तासाभरात कुणीतरी त्यावर पान थुंकलं. पोरांनी नवीन कात्रण लावलं आणि पहाऱ्याला उभी राहिली. सोमवारी तिथेच एका हमालाने एका पोराची कॉलर धरली, पोराने त्याला ढकललं, आणि तिकिटाच्या खिडकीचा गज लागून हमालाची भुवई फाटली. रक्त पुसायला त्याने कात्रण फाडून घेतलं. रांगेतले लोक टाळ्या वाजवायला लागले.

शेठनी मला बोलावलं. मेहुणा बाजूला बसलेला.

"चित्रपट उतरेपर्यंत कॅन्टीन बंद ठेव," शेठ म्हणाले.

"शेठ, शुक्रवारी अर्धं टॉकीज रिकामं होतं. आज उभं राहायला जागा नाही. कुणामुळे? त्या सरांमुळे आणि माझ्या सोड्यामुळे. दोघांना बंद करा, नाहीतर दोघांना चालू द्या."

"सरांना मी कसा बंद करू?"

"मग मला कसे करता?"

मेहुणा म्हणाला, "दाजी, हा वकील झाला असता."

"झालो असतो तर तुला घरातून बाहेर काढून कामाला लावलं असतं," मी म्हणालो.

शेवटी ठरलं, कॅन्टीन फक्त मध्यंतरात उघडायचं, आणि बाटली गल्ल्यापाशीच पिऊन परत द्यायची. सौदा मला मान्य होता.

मंगळवार बाजाराचा. मॅटिनीला खाली हमाल, ट्रकवाले, खेड्यांवरून आलेली माणसं आणि वर बाल्कनीत कॉलेजची पोरं. सर पोरांच्या मधोमध. आपल्या लेखणीचं पीक कसं आलंय ते पाहायला आले होते, असं मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो. मध्यंतर झालं आणि गल्ल्यावर झुंबड आली. कुणी बाटली फोडायला देईना. "भो, मधमा पिसूत," म्हणायचे आणि बाटली घेऊन आत. मी दोघांच्या हातातून ओढून घेतल्या. तिसऱ्याने बाटल्यांचं खोकंच उचललं. मी "ठेव खाली" म्हणून ओरडेपर्यंत खोकं माणसांच्या डोक्यांवरून आत गेलं होतं.

मग तो प्रसंग आला. म्हातारा बाकावर बसला, गाडी आली, गेली. संगीत थांबलं. अंधारात एक गोटी दबली. चीं. मग दुसरी, मग सगळं टॉकीज चीत्कारायला लागलं. लोक पोट धरून हसत होते. वरून पोरं ओरडत होती, "गावंढळांनो, गप्प बसा!"

"तुन्हा बाप मरना तवय तू गप्प बसना व्हता का रे?" खालून एक ट्रकवाला ओरडला.

वरून त्याच्या अंगावर पेटती सिगारेट पडली. त्याने बाटली वर फेकली. ती बाल्कनीच्या कठड्यावर फुटली आणि काच खाली लोकांच्याच अंगावर आली. त्यानंतर कोण कुणाला मारतंय ते कुणाला कळत नव्हतं. खुर्च्या उपटल्या गेल्या. एका पोराला जिन्यावरून पायाला धरून खाली ओढलं, त्याचं डोकं प्रत्येक पायरीवर आपटत आलं. एकाचं मनगट काचेने कापलं, तो ते दुसऱ्या हाताने दाबून "माझा हात, माझा हात" म्हणत उभा होता आणि त्यालाही कुणीतरी लाथ घातली. पडद्याला आडवी फट पडली. मशीन चालूच होतं. फाटलेल्या पडद्यावर म्हातारा तसाच बसला होता.

अक्का बाजूच्या दारातून बायकांना बाहेर काढत होती. मी तिच्याकडे जात असतानाच बाटली आली. ती खाली बसली, जशी दळणाला बसायची तशी, आणि पदर कपाळावर धरला. पदर लाल झाला. मला त्यानंतर कुणी थांबवू शकलं नसतं. मी जिना चढलो. सर भिंतीला चिकटून उभे होते. त्यांचं मानगूट धरून मी त्यांना खाली आणलं, अक्कापुढे.

"बघा! लिहा आता, मरणात गिऱ्हाईक दिसतं म्हणून! लिहा!"

प्रत्येक "लिहा"ला एक ठेवून दिली. चष्मा पडला, त्यावर माझाच पाय पडला. ओठ फुटला. ते प्रतिकार करत नव्हते, त्याचाच मला जास्त राग आला. तिसरा हात उचलला तेव्हा मागून कुणीतरी मनगट धरलं. साक्रीचे नाना होते. पेपरात काय लिहिलंय हे त्यांना गावात कुणीतरी वाचून दाखवलं होतं आणि ते सरांना भेटायलाच आले होते.

"सोड त्याले," ते मला म्हणाले. मग सरांकडे वळले. "मास्तर, तो सोडा मन्हाकरता फोडेल व्हता. मन्हा जीव जाई ऱ्हायना व्हता. आते लिखा तसं."

सरांनी ओठावरचं रक्त पुसलं. "मला हे कुणी सांगितलं नाही," एवढंच म्हणाले.

"तुम्ही विचारलं का?" मी म्हणालो. तोवर पोलीस आले.

अक्काच्या कपाळाला टाके पडले. दुसऱ्या दिवशी शेठनी हिशोब सरळ केला. सर तक्रार देणार, मी आत जाणार, कॅन्टीन मेहुण्याकडे जाणार. नाहीतर मी सरांच्या घरी जाऊन माफी मागायची.

मी गेलो, पण सौदा करायला गेलो. सर खाटेवर पडले होते, नवा चष्मा नाकावर. मी म्हणालो, "सर, मी हात उचलला त्याची माफी मागतो. तुम्ही लेखणी उचलली त्याचं रविवारी छापा. सोडा कुणासाठी फोडला, दोन ओळी. मग आपलं फिटलं."

ते उठून बसले. "लिहीन," म्हणाले.

आयुष्यात मी माल ताब्यात आल्याशिवाय हातातलं कधी सोडलं नाही. त्या दिवशी सोडलं. हात जोडले, त्यांच्या बायकोसमोर. तक्रार झाली नाही.

रविवारी पेपर आला. अक्का स्वतः घेऊन आली, पट्टी बांधलेली. सरांनी दुसऱ्याच एका चित्रपटावर लिहिलं होतं. त्याच्या पुढच्या रविवारी पुस्तकावर. मी चार वेळा त्यांच्या गल्लीत गेलो. दोनदा ते घरी नव्हते, दोनदा "बघतो" म्हणाले. बाजारात मात्र लोक अजून मला "मरणातला गिऱ्हाईकवाला" म्हणत होते. हमालच म्हणत, प्रेमाने म्हणत. पण म्हणत.

फाटलेला पडदा शिवून झाला, नवे चित्रपट लागले. पाडवा जवळ आला होता. एका मॅटिनीच्या मध्यंतरात सर गल्ल्यापाशी येऊन उभे राहिले. शेठ बाजूलाच होते.

"एक चहा द्या," सर म्हणाले. आवाजात काही नव्हतं, जणू आमच्यात काही घडलंच नव्हतं.

माझ्यापुढे चहाचं भांडं उकळत होतं. सरांच्या मागे दहा माणसं उभी होती. मी म्हणालो, "चहा नाही."

"हा काय?"

"हा गिऱ्हाइकांसाठी आहे. तुम्ही लिहा, मग प्या."

मागून कुणीतरी हसलं. सर लाल झाले. शेठनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतः भांड्याला हात घातला, कप भरायला. मी त्यांचं मनगट धरलं. जोरात धरलं असावं, कारण उकळता चहा त्यांच्या पायावर सांडला आणि ते ओरडले. दहा माणसांसमोर मी टॉकीजच्या मालकाला भाजलं.

पाडव्याला शेठ "चालू ठेव" म्हणाले नाहीत. मेहुणा सकाळीच येऊन गल्ल्याच्या आत उभा राहिला होता. मी भांडलो नाही. भांडायला समोर कुणीतरी आपलं ऐकणारं लागतं.

अक्का भजीची कढई घासत होती. कपाळावरचे टाके निघून गुलाबी रेघ राहिली होती.

"एक कप च्या दी देता ते काय बिघडतं तुन्हं?" ती म्हणाली.

"अक्का, तुझ्या कपाळाकडे बघ आरशात."

"कपाय मन्हं शे," ती म्हणाली. "भांडन तुन्हं शे. मन्हं नाव नको लावू त्याले."

मेहुणा किल्ल्यांसाठी हात पुढे करून उभा होता. मी त्या त्याच्या हातात न देता गल्ल्यावर आपटल्या आणि कढई उचलली. ती आमची होती. अजून ओली होती, तिचं पाणी टॉकीजच्या पायऱ्यांवरून रस्त्यापर्यंत गळत आलं.