पालथ्या गंजावरचं नाव

प्रेमानंद आणि मंजुश्रीची पहिली भेट झाली तेव्हा आकाशात वीज कडाडली नाही, कारण तिथं कडाडायची विजेचीही हिंमत नव्हती. लग्नकार्याला भांडी, खुर्च्या, सतरंज्या भाड्यानं देणाऱ्या मेहकरच्या गुलाबराव बिछायत केंद्राच्या अंगणात, गुलाबरावांची ही थोरली लेक एका पालथ्या गंजावर उभी राहून लग्नाहून परत आलेला माल उतरवून घेत होती. गंज म्हणजे वऱ्हाडातलं लग्नकार्याचं पातेलं. मेहकरचा मोठा गंज असा की त्यात अख्ख्या वऱ्हाडाची वांग्याची भाजी शिजते आणि दुपारी सावलीला आचारी झोपतो. त्याच्यावर उभी असलेली मंजुश्री खालून पाहणाऱ्याला साधारण टेकडीवरच्या किल्ल्याएवढी दिसत होती.

प्रेमानंद साखरखेर्ड्याहून चुलतभावाच्या लग्नाची भांडी टेम्पोत घालून परत करायला आला होता. बाईसाहेबांनी एकेक भांडं पालथं करून बुडाशी कोरलेलं नाव वाचलं आणि एक झारा बाजूला काढला.

"हा आमचा नाही. याच्यावर दुसऱ्याचं नाव हाय."

"झारा तो झाराच," प्रेमानंद म्हणाला. "त्याच्यानं बुंदी काही कडू होत नाही."

असं म्हणतात की त्या क्षणी गल्लीतली शेळी रवंथ करायची थांबली, टेम्पोचं इंजिन आपोआप बंद पडलं आणि बशीतला चहा फुंकत बसलेल्या गुलाबरावांनी बशी हळूच जमिनीवर ठेवली.

"झाऱ्याले मालक असते," मंजुश्री म्हणाली. "हा ज्याचा त्याले नेऊन द्या अन् आमचा घेऊन या. तोवर तुमचं खातं बंद होत नाही."

प्रेमानंद उलट्या पावली साखरखेर्ड्याला गेला. दोन्ही झारे दोन्ही मालकांपर्यंत पोहोचवेपर्यंत त्याची गुलाबरावांच्या अंगणात इतकी ये-जा झाली की शेवटी केसरबाईंनी, म्हणजे मंजुश्रीच्या आईनं, याला भांड्यांपेक्षा जेवायलाच बोलवावं असं सुचवलं. पुढच्या वर्षी लग्न झालं. बिछायत अर्थातच घरची.

यालाही आता बरीच वर्षं झाली. प्रेमानंदचं मेहकरच्या बसस्टँडजवळ दुकान आहे. त्यानं कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला तेव्हा मनात होतं की आपण प्रोग्राम लिहायचे. दुकान टाकलं तेव्हा गावानं ठरवलं की यानं आधारकार्डाच्या झेरॉक्स काढायच्या. गावापुढं एकट्या माणसाचं काय चालतं? सासरच्या कोणत्याही कार्यात पाहुणे विचारत, "जवाई काय करते?" आणि गुलाबराव प्रेमानं, छाती फुगवून सांगत, "झेरॉक्स काढते!" त्या फुगलेल्या छातीचं प्रेमानंदला जास्त लागे. अपमान केला असता तर निदान रुसता आलं असतं.

म्हणून त्या दिवशी मोबाइलवर ती जाहिरात दिसली तेव्हा तो खुर्चीतून उठूनच उभा राहिला. भाड्यानं वस्तू देणाऱ्या दुकानांसाठी तयार सॉफ्टवेअर, सोबत संपूर्ण सोर्स कोड आणि विकण्याचा हक्क. खाली लिहिलं होतं, "तुमचं नाव टाका आणि तुमचं म्हणून विका." हे वाक्य त्यानं मंजुश्रीला वाचून दाखवलं. मग पुन्हा दाखवलं. मग भाकरी थापत असलेल्या तिच्या डोळ्यांसमोर मोबाइलच धरला.

"पीठ लागन त्याले," ती म्हणाली. "सोर्स कोड म्हणजे नेमकं काय?"

"असं पाहाय. सॉफ्टवेअर घेतलं तर शिजलेली भाजी मिळते. तिखट जास्त झालं तरी तशीच खा. सोर्स कोड घेतला तर भाजीची कृती, मसाला, सगळं आपल्या हाती. आपल्या लोकांले पाह्यजे तसं बदला, आपलं नाव घाला, जिल्ह्यातल्या एकूण एक बिछायतवाल्याले विका."

"अन् ते कृती अजून किती जणांले देऊन राह्यले?"

हा प्रश्न प्रेमानंदला आवडला नाही, कारण तो त्यालाही पडला होता. पण त्याचं ठरलं होतं. घेणार म्हणजे घेणार. दुकानाला मागे एक खोली वाढवायची म्हणून दोघांनी जे बाजूला टाकलं होतं, ते सगळं यात जाणार होतं, आणि तरीही घेणार.

रविवारी जेवायला बसल्यावर त्यानं सासऱ्यांच्या कानावर घातलं. "मामा, मी सोर्स घेऊन राह्यलो."

गुलाबरावांचा घास हातातच राहिला. आमच्याकडे सोर्स म्हणजे ओळख, वशिला, वर हात पोचलेला माणूस. तो लावायचा असतो. तो विकत मिळतो हेही सर्वांना माहीत असतं, पण जेवताना इतक्या मोठ्यानं कोणी सांगत नाही.

"कोणत्या खात्यात?" त्यांनी दाराकडे बघत हळूच विचारलं.

"खातं नाही मामा. कॉम्प्युटरचा सोर्स."

"म्हणजे कलेक्टर ऑफिसात. बरं हाय. पण जवाईबापू, पैसे समोरासमोर द्या, हातात हात दिल्याशिवाय नाही."

केसरबाईंनी ही बातमी कोणालाही सांगितली नाही. फक्त शेजारच्या सुभद्राबाईंना सांगितली. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी सुभद्राबाई भाच्याची गुणपत्रिका पिशवीत घालून पायरीवर बसल्या होत्या. "जय भीम जवाईबापू. तुमचा सोर्स लागला म्हणतात. आमच्या लेकरालेही कुठं चिकटवता येईन तर पाहा. शिपायाचं चालन."

प्रेमानंदनं त्यांना सोर्स कोड म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि उठताना म्हणाल्या, "हाव, बरोबर. असं कोणी उघड सांगत नाही." गुणपत्रिका मात्र ठेवून गेल्या.

कंपनीच्या अनुपमा मॅडम व्हिडिओ कॉलवर सॉफ्टवेअर दाखवणार होत्या. त्यांचं मराठी इतकं गुळगुळीत होतं की त्यावरून अख्खं वाक्य घसरून जाई आणि ऐकणाऱ्याच्या हाती नुसतं "सर" उरे. सवलत शनिवारपर्यंतच आहे, हे तेवढं प्रेमानंदच्या नीट लक्षात राहिलं. मंजुश्री स्टूल ओढून शेजारी बसली.

पडद्यावर सॉफ्टवेअर उघडलं. देखणं होतं. पातेली, पराती, खुर्च्या, सतरंज्या. कोणी काय नेलं, काय परत आलं, काय फुटलं. सुरुवातीच्या पानावर वर मोकळी चौकट होती. "इथे तुमचं नाव येईल, सर," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी नमुना म्हणून टाइप केलं: प्रेमानंद सॉफ्टवेअर्स, मेहकर. प्रेमानंद त्या अक्षरांकडे असा पाहत राहिला, जसा नवरदेव पत्रिकेवरच्या स्वतःच्या नावाकडे पाहतो.

"याच्यात गंज कुठं हाय?" मंजुश्रीनं विचारलं.

"गंज?" मॅडम हसल्या. "नाही नाही मॅडम, सॉफ्टवेअरला गंज कसा लागेल? ते लोखंड थोडंच आहे?"

"भांड्याचा गंज वो! मोठा."

"अच्छा, पातेलं! ते आहे ना, इथे."

"बरं. आता पालथं करून दाखवा."

"काय पालथं करू?"

"तिले कोड पाहायचा हाय," प्रेमानंदनं भाषांतर केलं. मॅडमनी कोडाची एक फाइल उघडली आणि भरभर खाली सरकवायला सुरुवात केली. प्रेमानंदचा डिप्लोमा इतक्या वर्षांनी उन्हात वाळत घातला गेला. त्यानं ओळी वाचल्या आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. बाहेर पडद्यावर पातेलं लिहिलं होतं, पण आत कोडामध्ये त्याच वस्तूचं नाव इंग्रजी अक्षरांत 'ganj' असं होतं. एकदा नाही, सगळीकडे.

"मॅडम, हे तुमच्याच लोकांनी लिहिलं ना?"

"ऑफ कोर्स सर. आमच्या पुण्याच्या टीमनं."

"पुण्याची टीम पातेल्याले गंज काऊन म्हणते?" मंजुश्री म्हणाली. "थांबू नका. बुडापर्यंत जाऊ द्या."

मॅडम बुडापर्यंत गेल्या. शेवटच्या ओळीखाली, प्रोग्राम चालताना कॉम्प्युटर जी ओळ वाचतच नाही अशा एका ओळीत, लिहिलं होतं: गोकुळ, नांदुरा.

नांदुरा! म्हणजे पुणं सोडा, हा माल आपल्याच जिल्ह्यातून वर गेला होता आणि पॉलिश होऊन परत येत होता.

"ते काही नाही सर," मॅडम म्हणाल्या. "ती एक ओळ आहे फक्त. डिलीट केली की संपलं. वर तुमचं नाव आहेच."

प्रेमानंदनं मनात हिशेब केला. एक ओळ. एक बटण. वर चौकटीत 'प्रेमानंद सॉफ्टवेअर्स' अजून झळकत होतं. पुढच्या कार्यात सासरे छाती फुगवून काय सांगतील ते त्याला अगदी ऐकू येत होतं. शेजारी मंजुश्री त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून बसली होती, आणि त्याला तो झारा आठवला. बिछायतीच्या धंद्यात भांडं हरवणं चालतं, फुटणं चालतं. दुसऱ्याचं नाव घासून आपलं कोरणाऱ्याला मात्र पंगतीला बसवत नाहीत.

"मॅडम, ज्याचं हाय त्याले विचारतो अन् मग सांगतो," तो म्हणाला.

"सर, शनिवारनंतर किंमत वाढेल!"

"वाढू द्या."

कॉल बंद झाल्यावर मंजुश्री एवढंच म्हणाली, "आता झारे वळखाले लागले तुमी."

गोकुळ सापडायला इंटरनेट लागलं नाही. गुलाबरावांनी नांदुऱ्याच्या एका बिछायतवाल्याला फोन लावला. पलीकडून त्यांनी आधी जावयाच्या सोर्सबद्दल अभिनंदन केलं, मग सांगितलं की गोकुळ म्हणजे आमचा पुतण्याच. दुसऱ्या दिवशी नवराबायको खामगावहून बस बदलून नांदुऱ्याला पोचले.

गोकुळ जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्याच्या कॉम्प्युटरवर बसत होता. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आत हा, डोक्यावर इतका कापूस की पोर आहे की म्हातारा ते कळेना. हकिगत ऐकून तो आधी चिडला नाही, खूशच झाला.

"पुण्याले चाललं माझं सॉफ्टवेअर?"

"चालून राह्यलं. तुझं नाव काढून."

मग तो चिडला. त्यानं काकांच्या दुकानासाठी ते लिहिलं होतं. त्या कंपनीला एकाच गिऱ्हाइकाकडे बसवायला एक प्रत दिली होती. पुढं विकायची नाही, असं फोनवर बोलणं झालं होतं. "कागद नाही केला," तो म्हणाला आणि कापूस झटकू लागला.

"आम्ही करतो कागद," मंजुश्री म्हणाली.

स्टॅम्पपेपर आणला. त्यावर लिहिलं: कोड गोकुळचा. बदल करायचा आणि विकायचा हक्क प्रेमानंदचा. विक्रीतला वाटा गोकुळला. ठरली ती रक्कम तिथंच दिली, हातात हात देऊन, जशी गुलाबरावांनी शिकवण दिली होती. प्रेमानंदच्या नावाचा प्रश्न निघाला तेव्हा तो स्वतःच म्हणाला, "वरच्या चौकटीत लिहा, 'बनवणारा: गोकुळ, नांदुरा'. खाली बारीक अक्षरांत, 'मिळण्याचं ठिकाण: प्रेमानंद, मेहकर'." मग तेच वाक्य त्यानं पुन्हा, खणखणीत म्हटलं. परतीच्या बसमध्ये मंजुश्रीनं खिडकीची जागा त्याला दिली. लग्नानंतर हे पहिल्यांदाच घडत होतं.

अनुपमा मॅडमचा शनिवारी फोन आला. प्रेमानंद म्हणाला, "पाह्यजे तो झारा मिळाला." मॅडम म्हणाल्या, "सॉरी सर?" आणि लाइन कटली. गोकुळच्या पडद्यावर आधीपासून गंजच होते. त्यानं ते तसेच ठेवले, आणि जिल्ह्यातल्या बिछायतवाल्यांकडे जाऊन जाऊन सॉफ्टवेअर दाखवलं.

आजवर त्याच्या दोन प्रती विकल्या गेल्या. एक गुलाबरावांनी घेतली, दुसरी गोकुळच्या काकांनी, आपल्याकडे आधीच असूनही, पुतण्याचं नाव वर आलं म्हणून. दुकान झेरॉक्सवर चालतं.