बाजारपत्राची लांबी

आमच्या जुन्या पेढीने वर्धापनदिनाला एक पुस्तिका छापली. मला ती कोणी पाठवली नाही. शेजाऱ्याकडून मागून वाचली. तीत लिहिले आहे की, नव्वदच्या दशकात पेढीचे दिवाणजी लांबलचक बाजारपत्रे लिहीत, ती कोणी वाचत नसे, म्हणून धाकट्या मालकांनी ती आटोपशीर केली. दिवाणजींना हे न मानवल्याने त्यांनी काम सोडले. ते दिवाणजी म्हणजे मी. मी काम सोडले एवढेच त्यात खरे आहे. बाकीचे चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. खोटे आहे असे म्हणतो, कारण लिहिणाऱ्यांपैकी दोघे तेव्हा पेढीवर माझ्याच खोलीत बसत होते.

आमची पेढी सांगलीत हळदीच्या अडतीची. बाहेरगावचे व्यापारी माल न पाहता आमच्या शब्दावर खरेदी करीत, आणि तो शब्द दर शनिवारी सायक्लोस्टाईल करून टपालाने जाई. भाव त्यांना फोनवर कळतच असे; एसटीडीचे बूथ गल्लोगल्ली झाले होते. फोनवर न कळणारे ते पत्रात लागे: आवक कुठल्या भागातून आली, हळकुंड मोडल्यावर आतला रंग कसा दिसला, आणि हरिपुरात कोणती पेवे उघडली. पेव म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खड्डा, आतून गवताचे अस्तर दिलेला आणि तोंड मातीने लिंपलेला. उघडल्यावर बराच वेळ त्यात कोणी उतरत नाही, कारण आत श्वास घेण्याजोगी हवा नसते. मधला माल सोन्यासारखा निघतो. कडेचा आणि तळाचा कधी ओल धरतो. तो वेगळा काढायचा असतो आणि वेगळा सांगायचा असतो. मी स्वतः सायकलवरून जाऊन काठावर उभा राहून हे पाहत असे. पुस्तिका लिहिणाऱ्यांपैकी कोणाच्या चपलेला ती माती लागली असेल, तर त्याने पुढे यावे.

माझे पत्र कधीही एका कागदाच्या दोन बाजूंपलीकडे गेले नाही. आवक जोरात असे तेव्हा दोन्ही बाजू भरत. पावसाळ्यात पाव पानही पुरे होई. जेवढे सांगायचे असेल तेवढे सांगायचे, यापलीकडे मोजमाप मला कोणी शिकवले नव्हते आणि मला त्याची गरजही पडली नव्हती.

धाकटे मालक पुण्याहून व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम करून आले. त्यांनी माझी दोन जुनी पत्रे समोर ठेवली, पेन्सिलीच्या टोकाने ओळी मोजल्या आणि सांगितले, "दिवाणजी, आता लोकांना वेळ नसतो. दहा ओळींत बसवा." मी बसवले. हेही पुस्तिकेत नाही. दहा ओळींचे पहिले पत्र मीच लिहिले आणि ते उत्तम होते. शब्द कमी करणे मला अवघड गेले असे म्हणणाऱ्याने आधी एक तार लिहून दाखवावी.

मग तो शनिवार आला. हरिपुरातले एक मोठे पेव आदल्या दिवशी उघडले होते आणि कडेने बरीच ओल निघाली होती. आमच्या बाजाराचा रिवाज असा की आधी नमस्कार, मग चांगले, आणि उणे शेवटी सांगायचे. मीही ते शेवटीच लिहिले. ती अकरावी ओळ झाली. मी दुपारी टपाल कचेरीत गेलो असताना धाकट्या मालकांनी ती ओळ काढून पत्र छपाईला दिले. ओळ त्यांनी काढली, पण ती काढता येईल अशा जागी मी ठेवली होती. एवढा दोष माझा, आणि तो मी कोणी न विचारता मान्य करतो.

साताऱ्याचा एक व्यापारी, मूळचा मेढ्याकडचा, गेली कित्येक वर्षे आमच्याकडून माल नेत असे. त्याने त्या पेवाचा माल एकत्रच दळला, आणि गिऱ्हाइकांनी पूड परत आणून त्याच्या फळीवर ठेवली. मोठ्या मालकांनी मला एसटीने साताऱ्याला पाठवले. तो माझ्यावर ओरडला नाही. चहा मागवला, पुडीची पिशवी माझ्या नाकाशी धरली आणि म्हणाला, "वास घ्या, दिवाणजी. घरच्या भाजीत टाकाल का?"

मी विचारले की आमची पत्रे आखूड झाली हे त्याला खटकले का. तो हसला.

"आवं, मी कवा आक्खं पत्र वाचलंय? कुठलं पेव फोडलं आन कडचा माल किती, एवडंच बगतो. ह्या खेपंला त्येच न्हाई."

"आणि आवक, हवामान, रंग, ते सगळं?"

"त्ये माझा भाऊ वाचतो. त्याला लय येळ हाय."

मला हे लागले. इतकी वर्षे मी ज्या परिच्छेदांची बांधणी करीत होतो ते एका रिकामटेकड्या भावासाठी होते, हे ऐकायला कोणाला आवडेल? पण परतीच्या गाडीत मी ठरवले: पेवाची हकीकत पहिल्या ओळीत, नमस्काराच्याही आधी, मग भावाने हवे तेवढे वाचावे.

धाकट्या मालकांनी त्या प्रसंगातून भलताच बोध घेतला. पत्र आखूड होते म्हणून घात झाला, असे त्यांचे मत पडले. त्याच सुमारास दुसऱ्या एका पेढीचे चार पानी छापील पत्र बाजारात फिरू लागले. झाले! दर आठवड्याला दोन पाने भरलीच पाहिजेत, असा नवा हुकूम निघाला. दहा ओळींचा हुकूम देणारे आणि दोन पानांचा हुकूम देणारे गृहस्थ एकच, हे पुस्तिकेने सोयीस्करपणे गाळले आहे.

आषाढात बाजार थंडावला. एका आठवड्यात मी तीन ओळी लिहिल्या. एकही पेव उघडले नाही. आवक नाही, भाव जागेवर आहेत. खरेदीची घाई करू नये.

धाकट्या मालकांनी कागद उलटा करून पाहिला. "एवढ्यासाठी टपालाचं तिकीट लावायचं? हळदीचे औषधी गुण तरी घाला."

मी म्हणालो की घाई करू नये हे सांगणाऱ्या पत्राला तिकीट लावावेच. हळद अंगाला लावल्याने काय होते हे व्यापाऱ्याला त्याची बायको सांगेल. दुपारी धाकट्या मालकांनी माझ्या तीन ओळींखाली दुसऱ्या कारकुनाकडून हळदीचे औषधी गुण, पावसाचे वर्णन आणि पेढीच्या संस्थापकांची धर्मनिष्ठा अशी दोन पाने टंकून घेतली आणि स्टेन्सिल माझ्यापुढे सहीला ठेवले.

बाहेरचे व्यापारी माझी सही ओळखत. ती पाहून ते माल उचलत. मी स्टेन्सिलवर कोरायची लोखंडी लेखणी घेतली आणि तिसऱ्या ओळीखाली सही केली.

"सही शेवटी करायची असते, दिवाणजी."

"माझं पत्र तिथंच संपलं."

मोठे मालक गादीवर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी अडकित्ता थांबवला, माझ्याकडे पाहिले, मुलाकडे पाहिले आणि पुन्हा कातरू लागले. धाकट्या मालकांनी कारकुनाला नवे स्टेन्सिल टंकायला सांगितले आणि खाली स्वतःची सही करीन म्हणाले. मी खणातून चष्म्याचे घर घेतले, माझ्या टंकयंत्रावर आच्छादन घातले आणि पायऱ्या उतरलो. मागून कोणी हाक मारली नाही.