सीतादहीची रजा

सकाळची सहाची घंटा मी स्वतः दिली आणि एकही मुलगा उठला नाही. उठणार कुठून? खोलीत अकरा बिछाने गुंडाळून ठेवलेले होते आणि बिछान्यांचे मालक बेपत्ता होते.

नेमके त्याच दिवशी सदाशिव पाटील बोर्डिंग पाहायला येणार होते.

कापसाच्या तेजीची ती वर्षं. मी अमरावतीच्या एका बोर्डिंगचा सुपरिंटेंडेंट होतो. बोर्डिंग म्हणजे खेड्यातली मुलं शिकण्यासाठी राहतात ती जागा, आणि सुपरिंटेंडेंट म्हणजे त्यांच्या पाढ्यांपासून ओल्या धोतरांपर्यंत सगळ्याला जबाबदार असलेला इसम. मी पुण्याहून आलेलो. इन्स्पेक्टरसाहेबांनी मला बजावून ठेवलं होतं, "बारा मुलं भरली नाहीत तर बोर्डिंग बंद." माझ्याकडे अकरा होती. बारावा म्हणजे पाटलांचा नामदेव. तो आला नाही तर अकराही जण आपापल्या गावी परत जाणार आणि त्यांचं शिक्षण तिथेच संपणार.

मी तरातरा फाटकापाशी गेलो. "रहीमखान, मुलं कुठे गेली?"

आमचा दरवान शांतपणे म्हणाला, "पहाटे दमण्या आल्या होत्या, साहेब. सीतादहीले घेऊन गेले."

"आणि तू जाऊ दिलंस?"

"बाप घ्याले आल्यावर मी कोन अडवनारा?"

दमणी म्हणजे इकडची हलकी बैलगाडी, एवढं मला ठाऊक होतं. सीतादही मात्र मला त्या दिवशी कळली. कापसाची पहिली वेचणी सुरू करण्याआधी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, मगच वेचणाऱ्या बाया बोंडाला हात लावतात. त्या वेळी घरचं प्रत्येक माणूस शेतात हवं. माझी अकराही मुलं शेजारशेजारच्या गावांतली, त्यामुळे वेचणीही एकदमच आली. दिवाळीची सुट्टी संपवून परतल्याला जेमतेम आठ दिवस झाले होते. मला नुसता संताप आला होता.

त्यावर कडी म्हणजे मुलांच्या खोलीतलं माझं टेबल. मागच्याच आठवड्यात मी त्यांना इंग्रजीत रजेचा अर्ज कसा लिहायचा ते शिकवलं होतं. टेबलावर अकरा अर्ज ठेवलेले होते, एकावर एक, नीट. अकराही जणांना ताप आला होता, कारण मी फळ्यावर तापाचाच नमुना लिहून दिला होता.

या कार्ट्यांना काय शिक्षा करावी ते मी कागदावर लिहीत होतो, तेवढ्यात पाटील आले. मूर्तिजापूरकडचे. त्यांना अकोला आणि अमरावती सारखंच सोयीचं, म्हणून दोन्हीकडची बोर्डिंगं पाहून ठरवणार होते. बडनेऱ्यापर्यंत रेल्वेने आले होते आणि रेल्वेवर काही खूश दिसत नव्हते. त्यांनी आधी विहिरीत डोकावून पाहिलं. मग स्वयंपाकघर. मग खोली.

"पोट्टे कुठी हायेत, मास्तर?"

खोटं बोलायचा मोह झाला. पण शाळेत गेलीत म्हणावं, तर शाळा समोरच होती, अजून कुलूप लावलेली.

"पळाले," मी म्हणालो. "सीतादहीला."

"रजा देल्ली होती तुमी?"

"विचारलंसुद्धा नाही कोणी."

पाटील एका बिछान्यावर बसले. संपलं, असं मी मनात म्हटलं.

"मंग आता मारसान त्याइले?"

"मारणार नाही. कान मात्र उपटणार."

"मी अकोल्याचं बोर्डिंग पाहून आलो," पाटील सांगू लागले. "लय साफ. तिथले मास्तर मोठ्या खुशीनं बोलले, आमचे पोट्टे घराची आठवन बी काढत नाईत. मी घरी जाऊन आमच्या घरचीले सांगतलं. तवापासून ती धड जेवून नाई राहिली. पोरगं शिकन, म्हनते, पन आपलं राहीन का?"

पाटलांची नजर टेबलाकडे गेली.

"हे कायचे कागद?"

मी काय ते सांगितलं. त्यांनी एक अर्ज उचलून उजेडात धरला.

"पोट्ट्यानं सोता लिहिलं? इंग्रजी?"

"स्वतः. खोटं आहे, पण स्वतः."

"मुंबईचे एजंट कापूस घ्याले येतात, इंग्रजी कागद पुढे ठेवतात. मी अंगठा ठेवतो. आत काय लिहून हाये, देवाले ठाऊक." कागद त्यांनी जपून जागेवर ठेवला. "नामदेवाले आनतो पंधरा दिवसांनं. पन सीतादहीले सोडा लागन."

"सोडीन."

"लिहून द्या."

शिक्षेचा कागद उलटा करून त्याच्या कोऱ्या बाजूवर मी सीतादहीच्या रजेचा रूल लिहून दिला. माझ्या नोकरीतला सर्वांत लाजिरवाणा कागद तो.

नामदेव आला. बारा झाले, बोर्डिंग वाचलं. इन्स्पेक्टरसाहेबांनी त्या रूलची नक्कल वाचून भुवया चढवल्या. "हा कसला रूल?" मी म्हणालो, "बोर्डिंग चालू राहण्याचा, साहेब."

दुसऱ्या वर्षी मी शहाणा झालो होतो. रजा आधीच मंजूर केली. दमण्या आल्या, अकरा मुलं उड्या मारत गेली. टेबलावर एकच अर्ज होता. नामदेवचा. मला ताप आहे, घरी जाता येणार नाही.

तो डोक्यावरून घोंगडी घेऊन पडला होता. कपाळाला हात लावला. थंडगार.

"मले नाई जाचं, सर. भूगोल अर्धा राहिला."

फाटकाबाहेर भाड्याची दमणी उभी होती. पाटलांबरोबर त्यांची बायको आली होती, आयुष्यात पहिल्यांदा रेल्वेत बसून. पदर सावरत ती मला म्हणाली, "काहून येऊन नाई राहिला तो? तुमी सोडून नाई राहिले का, मास्तर?"

घरापेक्षा अभ्यास प्यारा असलेल्या ज्या मुलासाठी मी वर्षभर घसा कोरडा केला तो मला अखेर मिळाला होता, आणि त्याचा दंड धरून मीच त्याला दमणीत बसवला. मी काहीतरी दगा केल्यासारखा तो माझ्याकडे पाहत होता. तापाचं ऐकून आईने त्याच्या कपाळावर हात ठेवला. ताप नाही हे तिला तेव्हाच कळलं असणार, पण दमणी वळेपर्यंत तो हात तिथेच होता. मला फार वाईट वाटलं, आणि कोणाबद्दल ते नीट कळलं नाही.

पुढे बोर्डिंग पाहायला येणारे बाप मला विहिरीचं पाणी, भाकरी, अभ्यास, सगळं विचारत. मी त्यांना म्हणे, ते सगळीकडे सारखंच असतं. मुलांना घरी कधी सोडता, तेवढं विचारा, आणि जो मास्तर चिडून उत्तर देईल त्याच्याकडे मुलगा ठेवू नका. मी स्वतः ते उत्तर शांतपणे द्यायला दोन वर्षांत शिकलो.