हॉलंडहून आलेल्या मावशी

मुलाशी बोलायचं असलं की त्या आधी गुडघ्यावर बसायच्या. शेण-मातीची जमीन असो नाहीतर पटांगणातली खडी, त्यांना फरक पडायचा नाही. तोंड मुलाच्या तोंडासमोर आणायच्या आणि म्हणायच्या, "सांग. आइकते मी." मग मूल काहीही सांगो, पेन्सिल हरवली की कुत्रं व्यालं, त्या शेवटपर्यंत ऐकायच्या. पहिल्या महिन्यातच त्यांच्या सगळ्या झग्यांवर गुडघ्यापाशी दोन तांबूस डाग पडले होते आणि ते धुऊनही जात नव्हते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी जासईच्या पुढे एका गावात, एका संस्थेच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. घर बेलापूरला, वडील वाशीच्या मार्केटात, मूळचे आम्ही साताऱ्याकडचे. त्यामुळे गावातली आगरी बोली मलाही सुरुवातीला परकीच होती. त्या शाळेत हॉलंडहून एक बाई मदतनीस म्हणून एक वर्षासाठी येणार असं कळलं, तेव्हा हेडसरांनी भिंतींना चुना लावून घेतला.

आल्या त्या साठीच्या, उंच, हाडकुळ्या. नवरा वारलेला. तिकडे एका बेकरीत आयुष्यभर काम केलेलं. पगार नाही, गावातल्याच एका घराच्या माडीवर राहायचं, आणि शाळेत पडेल ते काम करायचं. मुलांनी दुसऱ्याच दिवशी त्यांना मावशी म्हणायला सुरुवात केली. हेडसर ओशाळले. "शिपाईबाईंना मावशी म्हणतात हो आपल्याकडे, या तर पाहुण्या," असं ते मला हळूच म्हणाले. मावशींनी शब्दाचा अर्थ विचारला. आईची बहीण, असं मी सांगितलं. "मग चांगलं हाय," त्या म्हणाल्या.

हे 'हाय' त्यांना मुलांनीच शिकवलं होतं. एकदा शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले, तर या पावणेसहा फुटी गोऱ्या बाईंनी तांब्या पुढे करून विचारलं, "साहेब, पानी देऊ? थंड हाय." साहेबांचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता. पाणी ते निमूट प्यायले.

'ळ' मात्र त्यांना येत नव्हता. दुसरीतली दर्शना, स्वतः 'ळ' शाळेतच शिकलेली, त्यांची गुरू. "काला नाय मावशी, काळा. जीभ मागं न्या, अशी," म्हणत ती आपली जीभ वळवून दाखवायची. मावशी तोंड उघडून तिच्या तोंडात बघायच्या, आणि पुन्हा 'काला'च म्हणायच्या. दर्शना कपाळावर हात मारून घ्यायची.

शाळा आणि गाव यांच्या मधून रस्ता गेला होता. पूर्वी त्या रस्त्यावर एसटी आणि बैलगाड्या. आता जवळच झालेल्या नव्या बंदरावरचे कंटेनर घेऊन जाणारे ट्रेलर, एकामागून एक, धुरळा उडवत. दर्शनाच्या बापाची जमीन बंदरात गेली होती, तिच्या बदल्यात त्याला कंटेनर यार्डात काम मिळालं होतं. गावातल्या निम्म्या घरांची हीच कथा.

मावशींनी आल्या आल्या हा रस्ता पाहिला आणि मुलांना तो ओलांडून द्यायचं काम स्वतःकडे घेतलं. एका कोळ्याकडून जाड दोर आणला, त्याला अंतराअंतरावर गाठी मारल्या. एकेका गाठीला एकेक मूल. स्वतः लाल फडकं धरून रस्त्याच्या मध्यावर उभ्या राहायच्या. आम्ही शिक्षक दारातून बघून हसायचो. काही ट्रेलरवाले त्यांना ओळखायला लागले होते, लांबूनच गाडी हळू करायचे.

गतिरोधक व्हावा म्हणून त्या हेडसरांना घेऊन बांधकाम खात्याच्या कचेरीत जायच्या. तिथले साहेब चहा पाजायचे, हॉलंडात फुलं फार असतात ना, असं विचारायचे आणि म्हणायचे, "होईल, होईल." मावशी परत येऊन मला सांगायच्या, "आज पन होईल म्हनाले."

मार्च महिना होता, सकाळची शाळा. दुपारी सुटल्यावर मावशींनी नेहमीसारखी सगळी मुलं पलीकडे पोचवली आणि दोर गुंडाळत अलीकडे आल्या. शाळेच्या ओट्यावर दर्शनाचा डबा राहिला होता. मावशींनी तो उचलला आणि हाक मारली, "दर्शना."

ती वळली. रस्त्याच्या कडेला आली आणि शिकवल्याप्रमाणे थांबली. मी शाळेच्या दारात होते, मला स्पष्ट दिसत होतं. मावशींनी डबा वर करून दाखवला. मी घेऊन येते, असंच त्यांना म्हणायचं असावं. पण दर्शना हसली आणि धावत सुटली.

ट्रेलरवाल्याने ब्रेक मारला होता. त्याने जितकं करता येईल तितकं केलं.

दर्शना जागीच गेली. गावाने रस्ता अडवला. इतके महिने जे झालं नव्हतं ते दोन दिवसांत झालं, शाळेच्या दोन्ही अंगांना गतिरोधक आले.

मावशींना कुणी बोल लावला नाही. पण त्या स्वतःच सांगत सुटल्या. पोलिसांना, सरपंचांना, विहिरीवरच्या बायकांना, सगळ्यांना एकच. "मी हाक मारली. म्हनून ती आली." हवालदार म्हणाला, "मॅडम, असलं काही जबाबात नको." हेडसर म्हणाले, "तुमची काय चूक त्यात?" तर म्हणाल्या, "चूक नाय म्हनत मी. हाक मारली, एवढं सांगते."

त्यानंतर त्यांनी कुठल्याच मुलाला हाक मारली नाही. मूल पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला असलं तरी त्या चालत जायच्या आणि त्याच्या खांद्याला हात लावायच्या. रस्त्याशी मुलं रांगेत उभी असायची, दोर मावशींच्या हातात, गाड्या गतिरोधकापाशी थांबून हॉर्न देत असायच्या, आणि त्यांचं पाऊल उचलायचं नाही. दोर मी घ्यायला लागले.

वर्ष संपायच्या आत त्यांनी जायचं ठरवलं. आदल्या दिवशी त्या दर्शनाच्या घरी निघाल्या, म्हणून मीही सोबत गेले.

दर्शनाची आई पडवीत सुकट निवडत बसली होती. तिने आम्हाला चटई टाकली, चहा आणून दिला आणि पुन्हा सुपापाशी बसली.

"चालल्या?" तिने विचारलं.

"हो. उद्या."

सुपातला कचरा वेचून तिने बाजूला टाकला. मग तिने वर न बघता विचारलं, "तुमच्याकरं शाला हाय ना?"

"हाय."

"पोरं पन हायत?"

"हायत."

"मंग एवऱ्या लांब कशाला आलात?"

आवाजात राग नव्हता. घरी आलेल्या पाहुण्याला प्रवासाबद्दल विचारावं तसं तिने विचारलं होतं. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. प्रश्न त्यांना कळला होता, मी भाषांतर करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"मदतीला," त्या म्हणाल्या.

दर्शनाच्या आईने मान हलवली. मावशी चटईवरून उठल्या, तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि सुकटीतला कचरा वेचायला त्यांनी सुपाकडे हात नेला. आईने सूप हळूच आपल्या बाजूला ओढून घेतलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुमी चहा प्या."

मावशींचा हात तसाच जमिनीवर राहिला. मग त्यांनी तो मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हाताने झाकून ठेवला.