शेपूच्या वाफ्यातलं तण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सुनंदाला तर नाहीच — माझ्या बायकोला. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही बसवनगुडीत भाड्यानं राहत होतो. मागच्या अंगणात मी शेपू पेरला होता. इथं कानडीत त्याला सब्बसिगे म्हणतात. वाफा हिरवा झाला तसा मी फुशारलो. शेजारच्या गिरिजाक्कांना बोलावून बोलावून दाखवायचो — काय नक्षीदार पानं आलीत.

एका रविवारी सकाळी बाहेर आलो, तर सुनंदा उकिडवी बसून तीच रोपं उपटत होती. कुंपणापलीकडे गिरिजाक्का उभ्या.

"हे काय करतेस?"

"अहो, हे गाजरगवत आहे. शेपूची पानं दोऱ्यासारखी असतात. तो भिंतीकडे आलाय बघा. वास तरी घ्या."

गिरिजाक्का हसल्या, "सरी, सरी" — बरोबर, बरोबर — म्हणत आत गेल्या. एवढंच. आणि मी — खुरपं उचललं. लाकडी मूठ तिच्या कानावर हाणली. ती आडवी झाली. पुन्हा हाणली. दुसऱ्यांदा कशाला?

कान दाबून ती मोरीकडे गेली. मानेवरून रक्त पदरात उतरत होतं. मी तिनं उपटलेल्या ढिगातलं एक पान चुरगळलं. शेपूचा वास नाही. मग भिंतीकडचं चुरगळलं — बोटं घमघमली.

तिचं बरोबर होतं.

तेव्हा तरी थांबायचं ना? नाही. तो खरा शेपू मी मुळासकट, मूठमूठ ओरबाडला आणि तिच्या ढिगात कालवला. शेपूचीच एक मूठ घेऊन आत गेलो, तिच्या नाकाशी धरली.

"घे वास. काय उपटलंस?"

तिनं वास घेतला. खूप वेळ घेतला.

"शेपू," ती म्हणाली. "चुकलं माझं."

डॉक्टरांना मी सांगितलं — धुण्याच्या दगडावर पाय घसरला. तिनंही तेच सांगितलं. त्या डाव्या कानानं तिला पुन्हा कधी ऐकू आलं नाही.

मारल्याचं तिला माहीत आहेच. पण आपण शेपू उपटला नव्हता, हे तिला अजून माहीत नाही. परवा बाजारात सुनेनं भाजीवाल्यापुढच्या जुड्या चाळत विचारलं, "आई, यातला शेपू कुठला?"

"मला नाही गं ओळखता येत," सुनंदा म्हणाली. "यांना विचार."

सून माझ्याकडे वळली. मी वाकलो, आणि एक जुडी निवडून दिली.