नकाशामागचे पापनिवेदन

दुसरीच्या बाईंना शाळेत कोणीही नावाने हाक मारीत नसे. त्या दुसरीच्या बाई होत्या आणि छत्तीस वर्षे दुसरीच्याच राहिल्या. त्यांच्या हाताखालून गेलेली मुले पुढे डॉक्टर झाली, गवंडी झाली, एक तर जहाजावरचा इंजिनिअर झाला. परंतु त्यांपैकी कोणीही रस्त्यात भेटला, की नमस्कार करण्याआधी त्याची नजर नकळत स्वतःच्या नखांकडे जाई. सोमवारच्या नखतपासणीची ती धास्ती होती. प्रार्थना आटोपली की वर्ग उंचीप्रमाणे रांगेत उभा राहायचा, दोन्ही हात पालथे करून पुढे धरायचा, आणि बाई लाकडी पट्टी घेऊन एकेका बोटावरून नजर फिरवीत जायच्या. पट्टी त्यांनी कधी जोराने मारली नाही, टेकवली, एवढेच. पण "हे काय, नखांत बाग केलीस का? बी कधी पेरणार?" हा प्रश्न पट्टीपेक्षा अधिक लागत असे.

शाळा सिस्टरांची होती, चर्चच्या आवाराला लागून. खाली लाल फरशीचा लांब व्हरांडा, वर चार वर्ग, आणि जिन्याच्या वळणावर पुरुषभर उंचीचे काचेचे कपाट. कपाटात मारिया मातेची मूर्ती होती. तिच्या कडेवरच्या बाळ येशूने उजवा हात पुढे केलेला. शाळा काढणाऱ्या पहिल्या सिस्टरांनी ती मूर्ती गवतात गुंडाळून बोटीने आणली होती, असे सांगत. जिना चढताना प्रत्येक मुलाने तिथे क्षणभर थांबून क्रुसाची खूण करायची, असा नियम होता. काही मुले तो दोन पायऱ्या ओलांडता ओलांडताच पाळीत.

कपाटाची एकुलती एक किल्ली शाळेच्या शिपायाकडे असे. त्यांच्या कमरेला सदोदित किल्ल्यांचा जुडगा खुळखुळत असल्यामुळे मुले त्यांना किल्लीकाका म्हणत. ते आणि त्यांची बायको शाळेमागच्या खोलीत राहत. दर शनिवारी, शाळा भरण्यापूर्वी, ते स्टुलावर चढून मूर्तीवरची धूळ पुसत आणि फुलदाणीतले पाणी बदलत.

बाईंच्या वर्षातले सर्वांत आवडते काम वेगळेच होते. दुसरीचे वर्ष म्हणजे मुलांच्या पहिल्या पापनिवेदनाचे वर्ष. सात वर्षांच्या मुलाने चर्चमधल्या जाळीजवळ गुडघे टेकायचे, जाळीपलीकडच्या फादरना आपली पापे सांगायची आणि क्षमा घ्यायची. मोठ्यांचीसुद्धा जिथे पाचावर धारण बसते, तिथे लहानांचे काय! म्हणून बाई धर्मशिक्षणाच्या तासाला वर्गातच तालीम घेत. फळ्याच्या घोडीवर जगाचा मोठा नकाशा टांगायचा, त्याच्यामागे खुर्चीवर आपण बसायचे, आणि एकेका मुलाने पुढून येऊन गुडघे टेकायचे. मुलाचे तोंड बरोबर दक्षिणेकडच्या महासागरापाशी येई. तिथल्या निळ्या रंगाला वर्षानुवर्षांच्या श्वासांनी पोपडे धरले होते.

तालमीसाठी बाईंनी तीन पापे नेमून दिली होती: खोटे बोललो, भावंडाशी भांडलो, मोठ्यांचे ऐकले नाही.

"बाई, मला भावंडंच नाहीत," एकदा नकाशापुढून तक्रार आली.

"मग शेजारच्याशी भांडलो म्हण."

"तो मला मारतो, बाई. पाप त्याचं आहे."

दुसऱ्या एकाने दोन खून कबूल केले. चौकशीअंती ते मुंग्यांचे निघाले.

तालमीच्या आधी बाई एक गोष्ट मात्र गंभीरपणे समजावून सांगत. पापनिवेदनात सांगितलेले फादर कोणालाही सांगत नाहीत. इतकेच नव्हे, तो मुलगा उद्या रस्त्यात भेटला तरी त्याच्यापाशीसुद्धा तो विषय काढीत नाहीत. त्यांना काही आठवतच नाही.

"म्हणजे फादर विसराळू आहेत?"

"विसराळू नाहीत. शब्दाचे पक्के आहेत."

"आणि बाई, नकाशामागे तुम्ही असता. तुम्ही सांगाल ना आमच्या घरी?"

हा प्रश्न त्या वर्षी रांगेतल्या सर्वांत बुटक्या मुलीने विचारला होता. वर्ग तिला पिटुकली म्हणत असे. तालीम ही तालीमच. परंतु अर्धवट शिकवणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

"नाही सांगणार," त्या म्हणाल्या. "नकाशामागचं मलाही आठवणार नाही. माझा शब्द."

बेचाळीस मुलांनी तो शब्द ऐकला.

त्याच आठवड्याच्या सोमवारी मूर्तीतल्या बाळ येशूचा उजवा हात मनगटापासून नाहीसा झालेला मोठ्या सिस्टरांच्या ध्यानात आला. मोठ्या सिस्टर म्हणजे मुख्याध्यापिका. न्यायी, पण तापट. किल्ली एकट्या काकांकडे, शनिवारी कपाट उघडले ते काकांनी, आणि तुटलेला हात गेला कुठे हेही त्यांना सांगता येईना. काका परोपरीने सांगत होते, की फुलदाणी घेऊन नळावर गेलो तेवढा वेळ कपाट उघडे राहिले, आणि परत आल्यावर मूर्तीकडे न पाहताच कुलूप लावले. माझ्या हातून काही झालेले नाही. सिस्टरांना ती सारवासारव वाटली. बुधवारी त्यांनी शिक्षकांना बोलावून सांगितले, की काकांना महिनाअखेर कामावरून मोकळे करण्यात येईल. खोलीही सोडावी लागेल.

"हात तुटला म्हणून नव्हे," त्या म्हणाल्या. "तुटल्यावर लपवला म्हणून."

गुरुवारी तालीम होती. सत्तावीस मुलांनी नेमलेली पापे बिनचूक म्हटली. अठ्ठाविसावी पिटुकली. बाईंनी नियमाप्रमाणे डोळे मिटले होते. पण कान कसे मिटणार?

"मी खोटं बोलले. मी भावाशी भांडले." नंतर अगदी हळू आवाजात, "आणि बाळ येशूचा हात मी तोडला. तो माझ्याकडे आहे."

बाईंनी डोळे उघडले. तोंडातून मात्र रोजचेच शब्द बाहेर पडले: "शांतीने जा." पिटुकली उठून जाग्यावर गेली. राहिलेल्या चौदा मुलांनी काय सांगितले, ते बाईंना खरोखरच कधी आठवले नाही.

मधल्या सुटीत काका व्हरांड्यात भेटले. खोलीतले सामान दोरीने बांधायला त्यांनी सुरुवात केली होती.

"बाई, एकोणतीस वर्षं त्या बाळाचं तोंड पुसलं हो मी. माझ्या पोरांचं इतकं पुसलं नसेल."

"अजून महिना संपायचा आहे, काका."

"संपायला काय, ही मधली सुटीसुद्धा संपते."

बाई त्या रात्री जेवल्या नाहीत. सिस्टरांना एक नाव सांगितले की काकांची खोली वाचत होती. मी फादर नाही, नकाशा म्हणजे जाळी नाही, असे त्या स्वतःला पुनःपुन्हा सांगून पाहत होत्या. परंतु शब्द नकाशाने दिला नव्हता, त्यांनी दिला होता. मुलीला बाजूला घेऊन समजवावे, तर तेही नियमाबाहेर; विषय काढायचा नाही, हे त्यांनीच शिकवले होते. पहाटेच्या सुमारास त्यांना वाट दिसली. जे नकाशामागे ऐकले, ते नकाशामागे बोलता येत होते.

शुक्रवारी त्यांनी वर्गाला सांगितले, "काल फार घाई झाली. पुन्हा एकदा तालीम."

"पुन्हा तीच पापं, बाई?"

"तीच. आवडली नसतील तर करू नका."

पिटुकलीची पाळी आली. ती काही म्हणण्याआधी बाईच बोलल्या. "काल जे सांगितलंस, त्याचं एक प्रायश्चित्त राहिलंय. जे मोडलं, ते परत द्यायचं."

"काकांना ओरडतील?"

"दिलंस तर नाही ओरडणार. मी मोठ्या सिस्टरांकडे देईन. कुणी दिलं ते सांगणार नाही. देऊ का? तू हो म्हणालीस तरच."

नकाशाच्या खालच्या दांड्याखालून एक लहानगी मूठ आत आली. रुमालाची गाठ होती. गाठीत सुपारीएवढा पांढरा हात. "द्या," महासागरातून आवाज आला.

शाळा सुटल्यावर बाईंनी तो रुमालातून काढून मोठ्या सिस्टरांच्या टेबलावर ठेवला.

"हा कुठे मिळाला?"

"माझ्याकडे देण्यात आला. काकांचा यात काही दोष नाही."

"दिला कोणी?"

"ते मला सांगता येणार नाही, सिस्टर."

"बाई, मी तुम्हाला विचारते आहे. सांगायचं नाही असा अधिकार फादरना असतो. तुम्हाला कुणी दिला?"

"अधिकार नाहीच. शब्द दिला आहे."

सिस्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "शिपाई राहील," त्या शेवटी म्हणाल्या. "पण मुख्याध्यापिकेपासून गोष्टी लपवून ठेवण्याची तालीम माझ्या शाळेत नको. पुढच्या वर्षापासून धर्मशिक्षण तिसरीच्या बाई घेतील."

काकांनी सामानाच्या दोऱ्या सोडल्या. तो हात त्यांनीच सरस लावून चिकटवला, पण चिकटवताना तो जरा फिरला आणि पालथा बसला. काकांना मात्र तो पहिल्यापेक्षा झोकात बसला असे वाटे. बाईंनी पुढची एकोणीस वर्षे बेरीज-वजाबाकी आणि वाचन शिकवले. तिसरीच्या बाई प्रार्थना छान शिकवीत, पण तालीम घेत नसत. नकाशा गुंडाळून कोपऱ्यात ठेवला गेला. बाई दर शनिवारी त्याच्यावरची धूळ झटकीत आणि पुन्हा तिथेच ठेवीत. आपण काय घालवले हे त्यांना ठाऊक होते. त्याबद्दल त्या कोणापाशी बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या, तर कारणही सांगावे लागले असते.

बाई निवृत्त झाल्या. काका गेले, मोठ्या सिस्टरही गेल्या. बाई भाचीकडे राहू लागल्या. मूर्तीच्या हाताची गोष्ट तिनेही गावात ऐकलेली होती. भाची अधूनमधून डिवचायची, "मावशी, आता तरी सांग ना, कुणी तोडला होता तो हात? आता कोण बसलंय नोकरीवरून काढायला?"

"कोणता हात?" बाई म्हणायच्या आणि वर्तमानपत्र उलटायच्या.

एका रविवारी दुपारी दारात एक उंच बाई उभी राहिली. केसांत पांढऱ्याची सुरुवात. बोलण्याआधी तिची नजर स्वतःच्या नखांकडे गेली, तेव्हाच बाईंनी ओळखले.

"पिटुकली! केवढी वाढलीस!"

इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग ती खुर्ची ओढून जवळ बसली. "बाई, शाळेत जाऊन आले. मूर्ती आहे अजून. तो हात... तुमचं धर्मशिक्षण माझ्यामुळे गेलं, हे मला मोठेपणी कळलं. तुम्हाला आठवतं ना?"

"कोणता हात गं?" बाई शांतपणे म्हणाल्या.

तिचा चेहरा उतरला. मग काहीतरी ध्यानात आल्यासारखी ती हसली. "बाई, इथे नकाशा नाही. मी तुम्हाला इथे, या खुर्चीत बसून सांगतेय. बाळ येशूचा हात मी तोडला होता."

बाईंनी चष्मा सारखा केला. "असं होय? मग हे मला आज कळलं." आणि एकोणतीस-तीस वर्षे जपून ठेवलेला प्रश्न त्यांनी विचारला. "आता विचारायला हरकत नाही. तोडलास तरी कसा?"

"काका नळावर गेले होते, तेवढ्यात मी त्यांच्या स्टुलावर चढले. बाळाच्या नखांत धूळ अडकलेली होती, बाई. काकांचं फडकं तिथे पोचायचं नाही. सोमवारी तुमची तपासणी. म्हटलं, हा सापडणार. म्हणून केसातली पिन काढली आणि..."

बाईंनी तिचा हात ओढून पालथा केला. त्यांनी विचारले, "झाली होती का स्वच्छ?"

"तीनच झाली होती, बाई," ती म्हणाली. "दोन राहिली."