दार उघडणारी तूरान

आमच्या इराणातल्या यज्द गावी तूरानखानूमच्या दारावरची घंटा कधी पुरती वाजायचीच नाही. बटणावर बोट टेकतंय न टेकतंय तोच दार सताड उघडं, आणि दारात धापा टाकत ही. एक चप्पल पायात, एक हातात. मीटर बघणारा येवो, भिकारी येवो, पत्ता चुकलेला येवो. नवरा हबीबुल्ला मागावर रेशमी कापड विणायचा. मुलखाचा अबोल, पण तोही वैतागायचा. "अगं, कोण आहे म्हणून विचारशील की नाही? एक दिवस चोर येईल आणि तू त्याला चहा पाजशील!"

"पाजीन. पण दारात ताटकळत ठेवणार नाही."

गल्लीतल्या बायका तोंडाला ओढणी लावून हसायच्या. हसोत बापड्या! त्यांना काय माहीत, चौसष्ट वर्षं हिच्या मानगुटीवर काय बसलंय ते.

तिच्या लहानपणी घरांना घंटा नव्हत्या. प्रत्येक दाराला दोन वस्तू असायच्या. एका फळीवर जाड लोखंडी दांडा, तो पुरुषांनी आपटायचा. दुसऱ्या फळीवर बारीक कडी, ती बायकांनी वाजवायची. आवाजावरून घरातल्यांना कळायचं, बाई आलीय की बाप्या, आणि दार कोणी उघडायचं ते. तूरानला आईनं बजावून ठेवलं होतं, "घरात एकटी असलीस आणि दांडा वाजला, तर जागचं हलायचं नाही. कडी वाजली तरच उघड."

ती अकरा वर्षांची होती. वडील नि भाऊ डाळिंबाच्या बागेवर गेलेले, आई शेजारच्या गल्लीत मयताच्या घरी. भर उन्हाळ्याची दुपार. तूरान तळघरात गारव्याला पडली होती आणि वर दांडा वाजला. तीनदा. मग थांबून एकदा. पोरीनं श्वास रोखला. आई सांगते तसं वागतेय म्हणून तिला स्वतःचं कौतुकही वाटलं. तेच कौतुक पुढे तिला जन्मभर चावत राहिलं.

आई परतली तेव्हा दाराशेजारच्या दगडी ओट्यावर इश्रत आडवी झालेली होती. इश्रत म्हणजे तूरानची थोरली बहीण, एकोणीस वर्षांची, पोटुशी. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या म्हणून सासरहून एकटीच चालत आली होती. तिसऱ्या दिवशी ती गेली. पोरही गेलं.

तूरानला कोणी बोट लावलं नाही. उलट सगळे म्हणाले, पोरीचं काय चुकलं? दांडा वाजला, तिनं उघडलं नाही. हे तर आणखीच वाईट झालं! कोणी एक थोबाडीत मारली असती तर बरं, असं तिला वाटायचं. आणि एक प्रश्न तिला कधी सोडून गेला नाही. बाई असून इश्रतनं दांडा का वाजवला? कडी का नाही? डोकं फिरलं होतं? की दारात दुसरंच कोणी होतं? लग्नानंतर तिनं हबीबुल्लाला विचारलं. तो म्हणाला, "झोप आता." पुढे तो वारला, मुलं शिराजला गेली, आणि दुपारी डोळा लागला की तूरानच्या कानात ते चार ठोके पडू लागले. तीन, आणि मग एक.

एकटीला घर खायला उठतं म्हणून तिनं जुन्या वस्तीतल्या एका कलादालनात चहा करायचं काम धरलं. स्वयंपाकघर तळघरात. दालन सांभाळणारी पूपक तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची आणि तिच्या गुडघ्यांची काळजी करायची.

या वर्षी तिथे तेहरानच्या फरनाक सालूर या शिल्पकार बाईंचं प्रदर्शन लागलं. सगळी शिल्पं हलणारी. हात लावा, फिरवा, ओढा, अशी पाटीच होती. पितळी पंख उघडायचे, लाकडी जाळ्या सरकायच्या. आणि पहिलं शिल्प म्हणजे चक्क बाहेरचं दार! बाईंनी दालनाची घंटा काढून टाकली आणि मधल्या खुंट्यावर गरगर फिरणारं जुनं दार बसवलं. एकीकडे दांडा, एकीकडे कडी. वाजवल्याशिवाय आत यायचं नाही.

पहिल्याच दिवशी दांडा ठणकला आणि तूरान किटली टाकून वर धावली. दारात कॉलेजच्या चार पोरी खिदळत उभ्या.

"खाला, ते शिल्प आहे हो," पूपक म्हणाली. "मी बसलेय ना दाराशी. तुम्ही कशाला जिने चढता?"

"जळलं मेलं शिल्प!" तूरान म्हणाली. पण न राहवून तिनं शिल्पकार बाईंनाच गाठलं. "का हो, बाई कधी दांडा वाजवते का?"

"इथे कोणीही काहीही वाजवू शकतं, खालाजान. तेच तर मला म्हणायचंय!" बाई खूश होऊन म्हणाल्या. तूरान मनात म्हणाली, कप्पाळ.

आठवड्यानं एका दुपारी दालन बंद होतं. पूपक मिठाई आणायला गेली होती, तूरान तळघरात भिंतीला टेकून बसलेली. वर दांडा वाजला. तीनदा. आधी तिला वाटलं, हे रोजचंच, आपल्या कानातलं. मग आणखी एकदा वाजला. ती उठली, जिना चढली, दार उघडलं.

दारात पूपक. घामाघूम, ओढणी खांद्यावर घसरलेली. "किल्ली आत, फोन आत! कधीची कडी वाजवतेय, खाला. बोटं दुखली. शेवटी म्हटलं, तळघरात हा नाजूक आवाज कसला पोचतोय! म्हणून दांडा हाणला."

तूरान उंबऱ्याशीच थांबली. चौसष्ट वर्षं तिनं फक्त दांडाच ऐकला होता. "आधी कडी वाजवलीस?"

"मग! बाईमाणूस आहे ना मी?"

"आणि मी आले नाही तेव्हा... तुला काय वाटलं? मुद्दाम उघडत नाही?"

"छे! असं कसं वाटेल? वाटलं, ऐकू आलं नसेल. दांडा तरी ऐकू येईल." पूपकनं मिठाईचा खोका खाली ठेवला. "खाला, रडताय का तुम्ही? अहो, झालं काय?"

तूरान दाराशेजारच्या दगडी ओट्यावर बसली होती. तिनं पूपकचा हात, जणू इश्रतचाच असावा तसा, दोन्ही हातांत घट्ट धरला.

"ऐकू आला होता गं," ती म्हणाली. "मला ऐकू आला होता."

"हो ना," पूपक तिची पाठ चोळत म्हणाली, "म्हणून तर उघडलंत."